मुकादम मॅडम आणि त्यांची मंडळी

मुकादम मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी बेसिन बघतात. लोक देवघर बघतात, पडदे बघतात, कुणी पुस्तकांच्या कपाटापुढे मान तिरकी करून नावं वाचत उभं राहतं. मॅडम चपला काढून थेट बेसिनकडे. साबण आहे का, असल्यास तो पाण्यात पोहतोय का, नॅपकिन एकाचा की साऱ्या घराचा, हे सगळं बघून झालं की मग बाहेर येऊन त्या "कशा आहात?" म्हणतात. माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा बेसिनपाशी इतका वेळ उभ्या राहिल्या की माझ्या नवऱ्याला वाटलं, नळ गळतोय. तो पाना घेऊन आला. मॅडमनी पान्याकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, "हा नॅपकिन शेवटचा कधी धुतला होता?"

तो अजून त्यांना घाबरतो.

मी विचुंब्याला एक वृद्ध शुश्रूषा केंद्र सांभाळते. पाटीवर तसं लिहिलेलं आहे. स्टेशनवरचे रिक्षावाले त्याला 'म्हाताऱ्यांचं हॉस्टेल' म्हणतात आणि आम्हीही आता रिक्षात बसताना तेच सांगतो. खालच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली माणसं, वरच्या मजल्यावर चालती-फिरती आणि म्हणून जास्त तक्रारी करणारी. मुकादम मॅडम आमच्याकडे आल्या त्या दिवशी आमचं ड्रेनेज तुंबलं होतं. प्लंबरने सांगितलं होतं, माझा मुकादम येऊन बघून जाईल. दुपारी वॉचमनने खालून फोन केला, "मॅडम, मुकादम आलेत."

"मागच्या बाजूला पाठव," मी म्हटलं, "चेंबर उघडून ठेवलंय म्हणावं."

बऱ्याच वेळाने मी मागे गेले तर एक बुटक्याशा, पन्नाशी उलटलेल्या बाई उघड्या चेंबरवर वाकल्या होत्या. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, ओढणी पिनेने खांद्याला घट्ट बसवलेली, हातात ना घड्याळ ना बांगडी. आत काहीतरी सुंदर दिसत असावं असा चेहरा.

"आपण?"

"डॉक्टर झुबेदा मुकादम. खारघरच्या कॉलेजातून आले. सूक्ष्मजीवशास्त्र. तुम्हाला पत्र आलं असेल."

पत्र आलं होतं. मी शरमेने लाल झाले. "अहो, मी ड्रेनेजवाला मुकादम समजले!"

"काही बिघडलं नाही," त्या म्हणाल्या. "हे बघू द्याल का, असं मी विचारणारच होते. इतर ठिकाणी यासाठी दहादा विनंत्या कराव्या लागतात. तुम्ही तर चहाच्याही आधी दाखवलंत." मग पर्समधून एक छोटी बाटली काढत त्यांनी संकोचाने विचारलं, "थोडा नमुना घेऊ?"

त्यांचं संशोधन असं होतं की, वृद्धाश्रमांमध्ये औषधांना दाद न देणारे जंतू कसे शिरतात, कसे पसरतात आणि काय केलं तर थांबतात. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं. गरज नसताना अँटिबायोटिक दिलं, किंवा दिलेलं अर्ध्यावर सोडलं, की जंतूंमधले साधेभोळे मरतात आणि चिवट तेवढे मागे राहतात. पुढची सगळी वस्ती त्या चिवटांची. मग तेच औषध त्यांना पाण्यासारखं. आणि आमच्यासारख्या ठिकाणी तर त्यांना रान मोकळं. माणसं अशक्त, कुणाला नळी, कुणाला जखम, हॉस्पिटलात जाणं-येणं चालू, आणि या बेडवरून त्या बेडवर फिरणारे आमचे हात.

'जंतू' हा शब्द मात्र त्या कधी वापरत नसत. त्या 'मंडळी' म्हणत. "मंडळी फार हुशार आहेत हो. आपणच त्यांना शिकवतो आणि मग तक्रार करतो." दाराच्या मुठीकडे बघून म्हणायच्या, "इथे मंडळी बसलीयेत." एकदा ओळख वाढावी म्हणून मी सहज विचारलं, "घरी मंडळी कोण कोण?"

"ई-कोलाय आहे, क्लेब्सिएला आहे," त्या उत्साहाने सांगू लागल्या, "स्यूडोमोनास मागच्या आठवड्यात आली, अजून नीट रुळली नाही—"

"अहो, प्रयोगशाळेत नाही. घरी, घरी!"

"अच्छा, घरी." त्यांनी पर्स बंद केली. "घरी मी." आणि उठून आमचं पॅन्ट्रीतलं बेसिन बघायला गेल्या.

मॅडम पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातल्या. शिक्षण सगळं पनवेलच्या मराठी शाळेत, त्यामुळे मराठी आमच्याकडे राहणाऱ्या माई जोगळेकरांपेक्षा शुद्ध. फक्त चिडल्या की "खुदा के वास्ते" एवढंच बाहेर यायचं, आणि त्या चिडायच्या त्या साबणावरूनच.

आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना हॉलमध्ये बोलावलं. झाकणाच्या गोल काचेच्या बशा आणल्या होत्या, आत जेलीसारखं काहीतरी. प्रत्येकाने आपली बोटं त्यावर टेकवायची. आमच्या मंदाबाईंना वाटलं, आधार कार्डाचं काम आहे. त्यांनी विचारलंसुद्धा, "अंगठा बी देऊ?" पुढच्या खेपेला मॅडम त्या बशा चिकटपट्टीने बंद करून घेऊन आल्या आणि टेबलावर प्रदर्शन मांडलं. कुठे पिवळे ठिपके, कुठे पांढरी बुरशी, कुठे शेवाळासारखा थर. बोटांचे आकार स्पष्ट. प्रत्येक बशीवर नाव. सगळे घाबरत घाबरत आपापलं नाव शोधत होते. सगळ्यात घनदाट बशी माझी निघाली.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या, "तुमची बाग सगळ्यात फुललीय."

मंदाबाई तेव्हापासून मला माळीणबाई म्हणतात. माझ्या पाठीमागे, पण ऐकू येईल अशा आवाजात.

या माई वरच्या मजल्यावर राहतात. माईंकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात गेल्या कित्येक आजारपणांतल्या उरलेल्या गोळ्या. कुणाला खोकला झाला की माई दुपारी त्या माणसाच्या खोलीत जाऊन हळूच एक कॅप्सूल हातात ठेवायच्या. दोन रंगांची असली तर ती जोरदार, असं त्यांचं शास्त्र होतं. "अर्धा कोर्स तुम्ही घ्या, अर्धा शेजारच्या खोलीत देते," असं एकदा म्हणताना मॅडमनी त्यांना पकडलं. मला वाटलं, आता "खुदा के वास्ते" होणार. पण मॅडम माईंच्या पलंगावर बसल्या, तासभर गप्पा मारल्या, डबा बघितला, डब्याची तारीफ केली आणि निघून गेल्या. पुढच्या खेपेला त्या तसाच एक डबा घेऊन आल्या. आत लिमलेटच्या गोळ्या, रंगीबेरंगी. "माई, तुमचा स्टॉक जुना झालाय. हा नवीन घ्या, तो माझ्याकडे द्या."

माईंनी डबा बदलून घेतला. त्या आता लिमलेटची गोळी तितक्याच गंभीरपणे हातावर ठेवतात, दिवसातून एकदा, जेवणानंतर चघळायची. गुण येतो म्हणतात. येतही असेल. माई स्वतः चालत येऊन विचारपूस करतात, याचाच निम्मा गुण असावा.

मॅडमचा खरा सामना झाला तो डॉक्टर भागवतांशी. डॉक्टर भागवत खांदा कॉलनीतून आमच्याकडे येतात. सज्जन माणूस, हाताला गुण, स्वभाव गोड, आणि प्रिस्क्रिप्शनचं पेन खिशात कमी, हातात जास्त. "एक कोर्स टाकून ठेवू," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा खालच्या एका आजींची लघवी गढूळ दिसली म्हणून त्यांनी अँटिबायोटिक लिहायला घेतलं. मॅडम तिथेच होत्या.

"ताप आहे?"

"नाही."

"जळजळ, पोटात दुखणं?"

"नाही. पण गढूळ आहे ना."

"गढूळ तर पावसाळ्यात आपल्या नळाचं पाणीही येतं, डॉक्टरसाहेब. त्याला कोर्स देता का?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. डॉक्टर भागवतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, तुम्ही प्रयोगशाळेत असता. मला इथे फोन येतात. मुलगा टोरांटोहून विचारतो, आईला औषध सुरू केलं का? नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, मग तुम्ही करताय काय? त्याला काय सांगू, बघत बसलोय म्हणून सांगू?"

मॅडमना कुणी खरं बोललं की त्या लगेच मान्य करतात, हे मला त्या दिवशी कळलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "फोनवर माझ्याकडे औषध नाही." आणि थोड्या वेळाने, "त्यांना माझा नंबर द्या."

डॉक्टरांनी खरोखर दिला. टोरांटोच्या चिरंजिवांनी फोन केला. आईच्या शरीरात काही मंडळी काहीही त्रास न देता मुक्कामाला असतात, त्यांना उगाच डिवचलं तर दांडगी मंडळी जागा बळकावतात, हे मॅडमनी त्यांना इतकं सविस्तर सांगितलं की शेवटी ते म्हणाले, मलाच बरं वाटत नाहीये, मी जरा पडतो. त्यानंतर त्यांचा फोन आला तो फक्त आईची खुशाली विचारायला. डॉक्टर भागवत तेव्हापासून नातेवाईकांना सांगतात, "मी औषध लिहिलेलं नाही, लक्ष ठेवायला लिहिलेलं आहे. पाणी जास्त द्यायचं आणि ताप बघायचा." हे ते इतक्या रुबाबात सांगतात की ऐकणाऱ्याला तोही एक कोर्सच वाटतो.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं. मग धर्माकाका आजारी पडले.

धर्माकाका उरणच्या कोळीवाड्यातले. जन्म समुद्रावर गेलेला. होडीतून उतरताना घसरून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि पायऱ्यांच्या घरात सांभाळणं जमेना म्हणून मुलाने, हरेशने, त्यांना आमच्याकडे ठेवलं. ऑपरेशनच्या वेळी घातलेली लघवीची नळी तशीच होती. दांडगा माणूस, पिळदार मिशा. मॅडमना ते पहिल्या दिवसापासून 'जंतूबाय' म्हणायचे. "आली का जंतूबाय? बघ, आज धुतलाय हात. वास घे पायजे तर." आणि मॅडम खरंच वास घ्यायच्या.

एका सकाळी त्यांना थंडी वाजून ताप भरला. डॉक्टर भागवतांनी गोळ्या लिहिल्या, पण त्याआधी मॅडमच्या आग्रहाने लघवीचा नमुना तपासणीला गेला. गोळ्यांनी काही झालं नाही. ताप वाढत गेला. दुसऱ्या दिवशी धर्माकाका पलंगाला होडी समजून मुलाला जाळं ओढायला सांगायला लागले, तेव्हा आम्ही त्यांना पनवेलच्या हॉस्पिटलात हलवलं. हरेश बंदरावरची ड्युटी टाकून आला होता. अँब्युलन्समध्ये तो वडिलांच्या पायापाशी बसला आणि मला म्हणाला, "ताई, आमी बाबांना बरं व्हायला तुमच्याकडं ठेवलेला."

रिपोर्ट आला. एकेका औषधापुढे 'उपयोग नाही' असंच. डॉक्टर भागवत मला तो फोनवर वाचून दाखवत होते आणि त्यांचा आवाज खाली खाली चालला होता. शेवटी दोन-तीन नावं उरली, ती मोठ्या इंजेक्शनांची. नमुना आधीच गेला होता म्हणून निदान वेळेवर तेवढं तरी कळलं. इंजेक्शनं सुरू झाली. आम्ही वाट बघत बसलो.

त्याच सुमारास खालच्या मजल्यावर आणखी दोघांच्या तपासणीत तीच मंडळी सापडली. मॅडमनी कॉरिडॉरमध्ये एक स्टूल मांडलं आणि त्यावर बसून राहिल्या. काही बोलत नव्हत्या, फक्त बघत होत्या. मंदाबाई वैतागल्या. "परीक्षेतल्या बाईवानी कशाला बसलीय ही? आमी काय कॉपी करतो?"

दुपारी मॅडम उठल्या आणि मंदाबाईंच्या हातातल्या प्लास्टिकच्या जगकडे बोट दाखवलं. नळी लावलेल्या माणसांची पिशवी भरली की मंदाबाई ती त्या जगात रिकामी करायच्या, माप बघायच्या, संडासात ओतायच्या आणि पुढच्या बेडकडे. जग तोच. पिशवीचं तोंड जगला टेकायचं, तोच जग पुढच्या पिशवीला.

मंदाबाईंचा चेहरा उतरला. "आमी रोज धुतो हो जग. संध्याकाळी. घासून धुतो."

"मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांत स्वच्छ काम तुमचंच आहे. पण मंडळी संध्याकाळची वाट बघत नाहीत. आणि तुम्हाला एकच जग दिला तर तुम्ही दुसरा आणणार कुठून?" हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी त्याच दिवशी पनवेलच्या बाजारात गेले. दुकानदाराने एवढे जग एकदम बघून विचारलं, "लग्न कुठल्या हॉलवर आहे, मॅडम?" प्रत्येक बेडला वेगळा जग, त्यावर त्या माणसाचं नाव, प्रत्येक पलंगाशी हात चोळायचं सॅनिटायझर. मंदाबाईंनी इतका ध्यास घेतला की एखादा नातेवाईक पेशंटच्या उशाशी हात न धुता टेकला तर त्या मागून खाकरायच्या.

धर्माकाका बरे झाले. हळूहळू झाले, पण झाले. हॉस्पिटलातून परत आले तेव्हा मिशा उतरल्या होत्या आणि गालांची हाडं वर आली होती. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की, आजार गेला आहे, पण ते जंतू अंगात अजून काही काळ वस्तीला राहतील. झालं. आम्ही सगळे आता शिकलेले. मी त्यांना कॉरिडॉरच्या टोकाची खोली दिली आणि दारावर कागद चिकटवला, 'आत जाऊ नये'. जेवणाचं ताट मंदाबाई वायपरच्या दांड्याने आत सरकवायच्या. हरेश यायचा, पण त्याच्या घरी तान्हं बाळ. तो खिडकीबाहेर उभा राहून हात हलवायचा आणि जायचा. आमच्या मते आम्ही अगदी शास्त्रशुद्ध वागत होतो.

मॅडम त्या आठवड्यात परगावी गेल्या होत्या. आल्या तेव्हा दुपारची जेवणं चालली होती. त्यांनी कॉरिडॉरच्या टोकाला वायपर बघितला, वायपरच्या पुढे ताट बघितलं, आणि दारावरचा कागद.

"हे कुणी लावलं?"

"मी," मी म्हटलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

त्यांनी कागद फाडला. "खुदा के वास्ते, ताई! मी हात धुवायला सांगितले होते. हात काढून घ्यायला नाही."

मंदाबाईंनी वायपर खाली ठेवला. मग मॅडमनी श्वास घेतला आणि मास्तरीण होऊन सांगितलं. काकांना अंघोळ घालाल, कपडे बदलाल, नळीला हात लावाल, तेव्हा गाऊन आणि हातमोजे. बाकी गप्पा मारा, शेजारी बसा, पत्ते खेळा, हात हातात घ्या. नंतर हात स्वच्छ धुवा. बस्स. एवढंच.

त्या आत गेल्या. मीही मागोमाग गेले. धर्माकाका भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"जंतूबाय," ते वळून न बघताच म्हणाले, "मना वाळीत टाकलाय तुमी. काय चूक जाली माजी?"

मॅडमनी हातांना सॅनिटायझर चोळलं, खुर्ची पलंगाला अगदी लागून ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला. साधा, उघडा हात.

"अगो, तुना लागंल ना."

"लागू दे. नंतर धुवीन."

धर्माकाकांनी तोंड वळवलं नाही. पण हातही सोडवून घेतला नाही. ताट तिथेच होतं. मॅडमनी तो वरण-भात गरम करून आणायला सांगितला आणि ते जेवेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मंदाबाई दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या आणि मग आठवण होऊन हात धुवायला पळाल्या.

संध्याकाळी चहाला मॅडम माझ्या केबिनमध्ये बसल्या. मी माफी मागायला लागले, त्यांनी हाताने थांबवलं.

"माझ्या अब्बांना असंच ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलात. हीच मंडळी. वेगळी खोली, आत कुणी जायचं नाही, गेलं तर सगळा पोशाख चढवून. नियम फार कडक होता."

"कुणी केला होता?"

"मी. त्या हॉस्पिटलची सल्लागार मीच होते." त्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "मुलीला सवलत दिली असं व्हायला नको म्हणून मी सगळ्यांपेक्षा जास्त पाळला. टोपी, मास्क, चष्मा, गाऊन, हातमोजे. दारापाशी उभी राहायचे. अब्बांना कमी ऐकू यायचं. ते म्हणायचे, सिस्टर, माझी झुबी आली का? मी म्हणायचे, अब्बा, मीच आहे. ते म्हणायचे, बरं, आली की पाठवा."

मी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"तेव्हा मला वाटायचं, नियम म्हणजे लांब राहणं," मॅडम म्हणाल्या. "नंतर वाचत गेले, बघत गेले. इतकं लांब राहायची गरज नव्हती. जवळ जाऊनही करता येतं. म्हणून तर हे संशोधन मी हॉस्पिटल सोडून अशा घरांमध्ये घेतलं. इथे लोक राहतात ना. चार दिवसांसाठी येत नाहीत." मग त्यांनी कप ठेवला, चहा फार गोड असल्याची तक्रार केली आणि उठल्या.

पुढच्या रविवारी हरेश नेहमीसारखा खिडकीपाशी आला. मॅडम आधीच हजर होत्या. त्याला हाताला धरून बेसिनपाशी नेलं, शाळेतल्या मुलासारखे त्याचे हात धुवून घेतले आणि सांगितलं, "घरी गेलास की पुन्हा धू, शर्ट बदल, मग बाळाला घे. पण आता बापाला भेट." हरेश आत गेला आणि वडिलांच्या छातीवर डोकं टेकवून एवढा मोठा बाप्या रडला. धर्माकाका त्याच्या पाठीवर थोपटत त्याला विचारत होते, होडीला रंग दिला का.

मग डॉक्टर भागवत आणि मॅडम दोघांनी मिळून ठरवलं की, नळी काढून बघायची. आता हाड जुळलं होतं. नळी काही कुणी ठरवून ठेवली नव्हती, काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. नळी निघाली आणि धर्माकाका वॉकर घेऊन संडासापर्यंत चालायला शिकू लागले. एखादा माणूस आपल्या पायांनी संडासाला जातो यात एवढा सार्वजनिक आनंद असू शकतो हे आमच्याकडे येऊन बघावं. पहिल्या दिवशी कॉरिडॉरमधले सगळे पलंगांवर उठून बसले. माईंनी वरून येऊन टाळ्या वाजवल्या आणि काका परत आल्यावर त्यांना लिमलेटची गोळी दिली. त्यानंतर आणखी तिघांच्या नळ्या निघाल्या.

सगळं आलबेल झालं असं मी म्हणणार नाही. मंडळी गेली नाहीत, जातही नसतात. पण तापाने अचानक हॉस्पिटलात धावावं लागणं कमी झालं. डॉक्टर भागवतांचं पेन आता बहुतेक वेळ खिशात असतं. आणि खारघरच्या कॉलेजामार्फत इतर आश्रमांची माणसं आमच्याकडे जग बघायला येतात. मंदाबाई त्यांना दाखवतात. "हा धर्माकाकांचा व्हता. आता त्यांना लागत नाय," असं अभिमानाने सांगतात.

पावसाळ्यात मॅडमचं संशोधन संपलं. अहवाल लिहून झाला. आता यायचं काही कारण नव्हतं. त्या येतच राहिल्या. कधी एखादी बशी परत न्यायची राहिली होती, कधी साबण कुठल्या कंपनीचा ते बघायचं होतं. मीही दर वेळी त्यांना काहीतरी विचारायचं शिल्लक ठेवायची.

नारळी पौर्णिमेच्या आधी धर्माकाका घरी गेले. हरेशने पायऱ्यांना लाकडी कठडा बसवून घेतला होता. निघताना त्यांनी मॅडमना बजावलं, "उरणला यायचा. जेवायला. नाय आलीस तर मीच येऊन इथं परत आजारी पडीन." मॅडम "बघते, काम असतं" म्हणाल्या. नंतर प्रत्येक वेळी हरेशचा फोन आला की त्यांना काम असायचं. मी म्हटलं, जा ना. तर म्हणाल्या, "कुणाच्या घरी जाऊन नुसतं बसायचं, मला ते जमत नाही. करायला काहीतरी लागतं." शेवटी मी सांगितलं, काकांच्या जखमेचा व्रण एकदा बघून यायला हवा. हे कारण त्यांना पटलं. हातमोज्यांची पेटी घेऊन रविवारी सकाळी त्या गेल्या.

दुपार उलटल्यावर हरेशच्या बायकोचा, सुगंधाचा, फोन आला. हळू आवाजात बोलत होती.

"काय झालं गं? काका बरे आहेत ना?"

"बाबा मस्त हायत. ताई, तुमच्या मॅडमचं विचारायचं व्हतं. सकाळी आल्या, बाबांचा पाय बघितला. मग आमी कोलंबीचा भात केलेला, तो जेवल्या, दोनदा घेतला. बाबांशी बोलत वटीवर बसल्या आन् बोलता बोलता तिथंच आडव्या झाल्या. आमचा बाळ बी त्यांच्या कुशीत जाऊन झोपलाय. आता उन्हं उतरायला आलीत. कितींदा हाक मारली, जाग नाय. दमल्यात का वो त्या? पनवेलला परत जायचं आसंल. उठवू का?"

मला तो ओटा दिसायला लागला. वारा, सुकत टाकलेली जाळी, आणि ओढणी सुटून अंग सैल सोडून झोपलेल्या मॅडम. त्यांना झोपलेलं, काय, नीट टेकून बसलेलंही मी कधी पाहिलं नव्हतं.

"नको उठवू," मी म्हटलं.

मागून भांड्यांचा आवाज आला. आणि लगेच धर्माकाकांचा, कुणाला तरी दबक्या आवाजात दटावणारा.

"ए, ती भांडी नंतर घासा. माजी पोर झोपलीय."